जुन्या लेथची चूक आणि नवी चाती



वर्धा जिल्हा हा कापसाचा जिल्हा आहे. कापूस आला म्हणजे जिनिंग आलें, जिनिंग आलें म्हणजे यंत्रें आलीं, आणि यंत्रें आलीं म्हणजे तीं मोडल्यावर दुरुस्त करणारा माणूसहि आला. हिंगणघाट व पुलगांव येथें एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या वीस वर्षांत कापडगिरण्या उभ्या राहिल्या. गांवोगांवीं सरकी काढणारे रेचे व गठ्ठे बांधणारे प्रेस सुरू झाले. रेच्यांतील चामड्याचा रूळ कापसाचे तंतु ओढून घेतो व पोलादी पातें सरकीला अडवून धरतें. हा रूळ झिजला कीं तो कातून पुनः सारखा करावा लागतो. यास्तव जेथें रेचे होते तेथें कोपऱ्यांत एखादी लहानशी दुरुस्तीची शाळा, आणि त्या शाळेंत एक लेथ असे. छताखालून एक लांब दांडा फिरे, त्यावरून चामडी पट्टे खालीं उतरत, आणि एकाच इंजिनाच्या जोरावर सारीं यंत्रें चालत.

आतां तो दांडा नाहीं, तें इंजिनहि नाहीं. त्या काळचे लेथ मात्र अजून कोठें कोठें आढळतात. कांहीं गंजत पडलेले असतात, कांहीं वजनावर विकले जाऊन भट्टींत जातात, आणि फारच थोडे एखाद्या हौशी माणसाच्या घरीं येतात. असाच एक लेथ माझ्या घरामागच्या पडवींत आहे. मी धंद्यानें कारागीर नाहीं. शाळेंत गणित शिकविण्यांत माझें आयुष्य गेलें. तथापि ह्या यंत्रानें मला जो एक धडा दिला, तो आज आपणांस सांगावा असें वाटतें. तो धडा असा कीं, जुन्या यंत्रांत चूक असणारच. परंतु ती चूक कोठें आहे व किती आहे हें ज्यास ठाऊक आहे, तो त्याच यंत्रावर बिनचूक काम करूं शकतो.

प्रथम लेथ म्हणजे काय तें थोडक्यांत सांगतों. कुंभाराच्या चाकावर माती फिरते व हात स्थिर असतो. लेथवर धातु फिरतो व पोलादी टूल स्थिर राहून त्याचा कीस काढतें. डाव्या बाजूस चक असतो, तो काम घट्ट धरून फिरवितो. उजवीकडे टेलस्टॉक असतो, तो आपल्या अणकुचीदार टोकानें कामाच्या दुसऱ्या टोकास आधार देतो. दोहोंच्या मधोमध बिडाचा लांब बेड असून त्यावरून टूल धरणारें सॅडल मागें-पुढें सरकतें. बेड बिडाचाच कां, असें कोणी विचारील. बिडामध्यें ग्राफाइटचे सूक्ष्म पापुद्रे असतात. ते थरथर गिळून टाकतात व सरकणाऱ्या पृष्ठास थोडें वंगणाचें काम देतात. पन्नास-साठ वर्षांचा बेड अद्याप कामास येतो त्याचें एक कारण हें आहे.

असें यंत्र विकत घेतांना रंगाकडे पाहूं नये. गंज वरवरचा असेल तर रॉकेल व कापडानें जातो. पाहावयाचें तें निराळें. बिडाच्या ओतकामास कोठें तडा गेला आहे काय? मुख्य दांडा हातानें वर उचलून पाहिला तर बेअरिंगमध्यें हलतो काय? आटे पाडण्याची दांतेरी चाकें सगळीं जागेवर आहेत काय? आणि सॅडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारखें चालतें काय? बहुतेक सारें काम चकाजवळ होतें, म्हणून बेडहि तेथेंच अधिक झिजतो. तेथील सैलपणा काढण्यासाठीं पट्टी आवळली, तर तेंच सॅडल टेलस्टॉककडे न झिजलेल्या भागावर अडकतें. असें झालें म्हणून यंत्र टाकाऊ ठरत नाहीं. त्यावर लांब कामें जपून करावींत, आणि आंखूड कामें निःशंकपणें करावींत, एवढाच त्याचा अर्थ.

माझा लेथ आला तेव्हां ह्यांतील कांहींच मला ठाऊक नव्हतें. त्याच सुमारास शेजारच्या काकूंनी आपला पेटी-चरखा माझ्याकडे पाठविला. हा चरखा त्यांच्या सासूबाईंचा. त्याची चाती वाकली होती व तिचें टोकहि झिजलें होतें. बाजारांत नवा चरखा मिळाला असता. परंतु काकूंना त्याच चरख्यावर सूत कातावयाचें होतें. चाती म्हणजे चरख्याचा प्राण. मोठ्या चाकाच्या एका फेऱ्यांत ती कितीतरी वेळां फिरते, म्हणून तिच्यांतील केसाएवढा बांकहि टोकाशीं थरथर उत्पन्न करितो, आणि हातांतील सूत तुटतें.

मीं मोठ्या उत्साहानें एक सळई लावली व कातावयास सुरुवात केली. तासाभरानें जी चाती निघाली ती मध्यें जाड व दोन्ही टोकांस बारीक! दुसरी केली, तिचीहि तीच गत. तिसरी तर टूलखालीं शिरून वाकली. शेवटीं गिरणींत अनेक वर्षें फिटरचें काम केलेल्या एका वृद्ध मिस्त्रींना मीं घरीं बोलाविलें. त्यांनीं माझ्या तीन चात्या हातांत घेऊन पाहिल्या, किंचित् हंसले आणि म्हणाले, “मास्तर, आधी मशीनची नाडी पाहा, मंग सळई लावा.”

ही नाडी कशी पाहावी, तें त्यांनीं मला त्या दिवशीं दाखविलें. कोणाहि हौशी माणसानें प्रथम हीच परीक्षा करावी. एक इंच जाडीची व आठ-नऊ इंच लांबीची सळई घ्यावी. तिचा मधला भाग थोडा बारीक करून दोन्ही टोकांस अंगठीएवढे दोन कंगोरे ठेवावे. मग टूलची खोली मुळींच न बदलतां दोन्ही कंगोऱ्यांवरून एक अगदीं बारीक कीस काढावा व मायक्रोमीटरनें दोन्ही मोजावे. ही परीक्षा दोनदां करावयाची. पहिल्यानें सळई नुसती चकांत धरून. तेव्हां फरक आला तर बेडला पीळ पडला असण्याचा संभव मोठा. ओबडधोबड फरशीवर बोल्टांनीं आवळलेला लेथ ओल्या फळीसारखा पिळवटतो. पायाखालीं पातळ पत्र्याचे तुकडे देऊन तो पीळ काढावा. नंतर सळई दोन टोकांमध्यें धरून हीच परीक्षा पुनः करावी. आतां उरणारा फरक टेलस्टॉकचा.

माझ्या लेथवर टेलस्टॉककडील कंगोरा ०.०४ मिलिमीटर जाड भरला. मी टेलस्टॉक तेवढाच सरकविणार, तोंच मिस्त्रींनीं माझा हात धरला. गणित शिकविणारा मी, आणि चूक गणिताचीच! मायक्रोमीटर व्यास मोजतो. टूल कापतें ती त्रिज्या. यास्तव टेलस्टॉक सरकवावयाचा तो निम्म्यानें, म्हणजे ०.०२ मिलिमीटर, आणि तोहि टूलच्या दिशेनें.

दुसरी गोष्ट स्क्रूच्या पोकळीची. जुन्या यंत्रांत स्क्रू व नट झिजल्यामुळें मूठ थोडी फिरली तरी टूल जागचें हलत नाहीं. ह्यावर उपाय पैशाचा नसून संवयीचा आहे. टूल नेहमीं एकाच दिशेनें पुढें आणावें. खुणेच्या पुढें गेलें तर नुसतें खुणेपर्यंत मागें घेऊं नये. पोकळीहून अधिक मागें न्यावें आणि पुनः पुढें आणावें. पोकळी मग असली काय आणि नसली काय, सारखेंच.

आतां माझी चाती पोटाशीं फुगली कां? यंत्राची चूक काढून टाकल्यावरहि हा दोष राहिला असता, कारण तो सळईचा होता. टूल सळईला ढकलतें व सळई पाठीमागें वांकते. लांबी दुप्पट झाली तर हा वांक आठपट होतो. जाडी निम्मी केली तर सोळापट. टोकांशीं आधार जवळ, म्हणून तेथें सळई वांकत नाहीं व पुरी कापली जाते. मध्यभागीं ती टूलपासून दूर सरते व जाड राहते. उपाय तीन. टूलला उत्तम धार असावी. कीस बारीक काढावा. आणि सॅडलवर बसविलेला, टूलबरोबर चालणारा टेकू सळईच्या पाठीस द्यावा. पण मिस्त्रींचा उपाय ह्याहून शहाणपणाचा होता. त्यांनीं हव्या त्या जाडीचीच सरळ ओढलेली पोलादी सळई आणविली आणि मजकडून फक्त तिचें टोक निमुळतें करविलें. जें कातावें लागत नाहीं, त्यांत चूकहि होत नाहीं.

जुना लेथ घरीं आणणाऱ्यास आणखी एक अडचण येते, ती इंचाची. आपल्याकडे मेट्रिक मापांचा कायदा १९५६ सालीं झाला. त्यापूर्वींचे पुष्कळसे लेथ इंचाच्या मापावर बनलेले, आणि आजचे बोल्ट मिलिमीटरचे. मग इंचाच्या स्क्रूवर मिलिमीटरचे आटे कसे पाडावे? एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर. त्याची पांचपट केली म्हणजे १२७ ही पूर्ण संख्या येते. म्हणून १२७ दांतांचें एक चाक मिळविलें कीं दोन्ही मापांचा सांधा जुळतो. लेथच्या स्क्रूला इंचास चार आटे असतील, तर त्याचा एक आटा ६.३५ मिलिमीटरचा. २० दांतांच्या चाकानें १२७ दांतांचें चाक फिरविलें कीं बरोबर एक मिलिमीटरचा आटा पडतो. १२७ ही संख्या अविभाज्य असल्यामुळें लहान चाकांच्या जोडीनें तिचें काम तंतोतंत होत नाहीं. मात्र असे आटे पाडतांना सॅडलचा नट मध्येंच सोडूं नये. टूल बाहेर काढून यंत्र उलट फिरवावें व तसेंच परत आणावें.

सावधगिरीविषयीं दोन शब्द बोलल्यावांचून पुढें जाणें योग्य नव्हे. लेथ हें निर्दय यंत्र आहे. फिरत्या कामापाशीं हातमोजा कधींहि घालूं नये. तो अडकला तर हातासह आंत ओढला जातो. सैल बाही, उपरणें, पदर, मोकळे केंस, बोटांतील अंगठी, ह्यांपैकीं कांहींहि नको. कीस हातानें ओढूं नये. चकाची किल्ली चकांत विसरून यंत्र सुरू केलें, तर ती बंदुकीच्या गोळीसारखी सुटते. ती किल्ली हातांत असेल किंवा खिळ्यावर असेल, तिसरें स्थान तिला देऊं नये. डोळ्यांवर चष्मा हवाच.

ह्या साऱ्या खटाटोपाचा उपयोग काय, असें कोणी विचारील. ह्या प्रश्नाचें एक उत्तर वर्ध्याच्याच इतिहासांत आहे. १९२९ सालीं अखिल भारतीय चरखा संघानें उत्तम चरख्यासाठीं एक लाख रुपयांचें पारितोषिक जाहीर केलें. त्याच्या अटी पाहण्यासारख्या होत्या. चरखा हलका असावा, हातानें किंवा पायानें चालावा, किंमत १५० रुपयांहून अधिक नसावी. आणि वेळोवेळीं डागडुजी करून तो निदान वीस वर्षें चालावा, त्या डागडुजीचा वार्षिक खर्चहि किंमतीच्या पांच टक्क्यांहून अधिक नसावा. म्हणजे दुरुस्ती ही तेथें मागाहून आठवलेली गोष्ट नव्हती. ती अटींतच लिहिलेली होती. महाराष्ट्रांतून किर्लोस्करांच्या कारखान्याचा चरखाहि स्पर्धेंत उतरला, परंतु तें पारितोषिक कोणासच मिळालें नाहीं. पुढें गांधीजींनीं येरवड्याच्या तुरुंगांत घडविलेला पेटी-चरखा मात्र घरोघर गेला. १९३४ सालीं ग्रामोद्योग संघ मगनवाडींत आला, १९३८ सालीं गांधीजींच्या हस्तें मगन संग्रहालय उघडलें, आणि तेथें मांडलेले चरखे आजहि पाहावयास मिळतात. ते पाहतांना चाकाकडे सर्वांचें लक्ष जातें. मी अलीकडे आधीं चाती पाहतों.

काकूंचा चरखा आज सुरू आहे. चाती बसविल्यावर त्यांनीं प्रथम सूत ओढलें नाहीं; नुसतें चाक फिरविलें व कान देऊन ऐकलें. आवाज आला नाहीं, तेव्हां त्यांनीं पेळू हातीं घेतला.

मिस्त्री आतां हयात नाहींत. ज्या यंत्रांवर त्यांनीं आयुष्य घालविलें, त्यांपैकीं बरींचशीं वजनावर विकलीं गेलीं. बीड वितळवून पुनः बीड होतें. त्यांत फारसा तोटा नाहीं. तोटा होतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. अमका लेथ कोठें झिजला आहे, त्याची मूठ किती फिरल्यावर टूल हलतें, कोणत्या पायाखालीं पत्रा लागतो, हें ज्ञान कोठेंहि लिहिलेलें नसतें; तें चालविणाऱ्याच्या हातांत असतें. म्हणून श्रोत्यांना माझी एवढीच विनंति आहे. आपल्या गांवीं एखादें जुनें यंत्र निघालें तर तें घ्या किंवा न घ्या. पण तें चालविणारा माणूस जवळ असेल, तर आधीं त्याच्यापाशीं घटकाभर बसा, आणि तो जें सांगेल तें वहींत लिहून ठेवा. माझ्या लेथच्या शेजारीं अशी एक वही खिळ्याला टांगलेली आहे. तिच्या पहिल्या पानावर मीं लिहिलें आहे: टेलस्टॉक, ०.०२, टूलच्या दिशेनें.