वैद्यकीय महाविद्यालयात ताणाचा अभ्यास आणि मेंदूविज्ञानाच्या प्राध्यापकांची निवड : बारामती परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना :

बारामती तालुक्यातील वडगाव निंबाळकर हे गाव नीरा डाव्या कालव्याच्या बागायती पट्ट्यात वसलेले आहे. ऊसतोडणीच्या हंगामात मराठवाड्यातून आलेल्या कामगारांच्या कोप्या या पट्ट्यात उभ्या राहतात. पती-पत्नी मिळून एक 'कोयता' मानला जातो आणि गाडी भरण्याच्या कामाला रात्र-दिवसाचे बंधन नसते. याच तालुक्याच्या सुपे-मोरगावकडील जिरायती भागात शेतकऱ्याची नजर पावसाकडे लागलेली असते. उचल, कर्ज आणि अपुरी झोप यांतून येणारा ताण डॉक्टरांसमोर अनेकदा डोकेदुखी, आम्लपित्त किंवा वाढलेला रक्तदाब अशा रूपाने येतो. २०१९ मध्ये बारामती येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. अशा महाविद्यालयात ताणाचा शास्त्रीय अभ्यास व्हावयाचा असेल, तर त्यासाठी कोणत्या प्रकारचे प्राध्यापक हवेत, याचा विचार सदर लेखात केला आहे.

ताणाचे मेंदूविज्ञान :

हान्स सेल्ये यांनी १९३६ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून दाखविले की, निरनिराळ्या आघातांना शरीर एकाच साच्याचा प्रतिसाद देते. मेंदूतील हायपोथॅलॅमस, त्याखालील पीयूषिका ग्रंथी आणि मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथी ही या प्रतिसादाची साखळी होय. माणसात तिच्यातून कॉर्टिसॉल हे संप्रेरक स्रवते. १९६८ मध्ये ब्रूस मॅकएवन व सहकाऱ्यांनी उंदरांतील अशा संप्रेरकाला मेंदूचा स्मृतीशी संबंधित भाग, म्हणजे हिप्पोकॅम्पस, धरून ठेवतो हे सिद्ध केले. त्यामुळे ताण मेंदूतून सुरू होतो, तसाच तो मेंदूवर परततोही, हे स्पष्ट झाले.

या विषयात भारतीय संशोधकांचे योगदान महत्त्वाचे आहे. २००२ मध्ये सुमंत्र चट्टर्जी व सहकाऱ्यांनी दाखविले की, दीर्घ ताणाने उंदराच्या हिप्पोकॅम्पसमधील चेतापेशींच्या शाखा आखडतात. परंतु भीतीशी निगडित अमिग्डाला या भागात त्या वाढतात. ताण थांबल्यानंतर तीन आठवड्यांनीही अमिग्डालातील ही वाढ ओसरत नाही, असे २००४ मध्ये आढळले. 'हंगाम संपला की ताण संपला' असे गृहीत धरता येणार नाही, असा इशारा या निष्कर्षातून मिळतो. अर्थात, तो माणसांत तपासून पाहणे आवश्यक आहे.

अडचण कोठे आहे?

२००२ चे संशोधन बंगळूर येथील राष्ट्रीय जैवविज्ञान केंद्र आणि निम्हान्स यांच्या सहकार्यातून झाले. निम्हान्समध्ये मनोरुग्णालय व चेताशरीरक्रियाशास्त्राची प्रयोगशाळा एकाच आवारात आहेत. महाराष्ट्रात विदिता वैद्य यांनी अमेरिकेतील येल विद्यापीठात रोनाल्ड ड्युमन यांच्याकडे पीएच.डी. केली. ड्युमन यांची प्रयोगशाळा तेथील वैद्यकीय विद्यालयाच्या मनोविकारशास्त्र विभागात होती. वैद्य यांनी मात्र आपली प्रयोगशाळा मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत उभारली. बालपणातील ताणाच्या परिणामांवरील त्यांचे कार्य प्रसिद्ध आहे. थोडक्यात, आपल्याकडे ताणाचे संशोधक बहुधा मूलभूत विज्ञानाच्या संस्थांत आहेत, तर ताणग्रस्त रुग्ण वैद्यकीय महाविद्यालयांत येतात.

याचे एक कारण पदरचनेत आहे. एम.बी.बी.एस.च्या महाविद्यालयात मेंदूविज्ञान हा स्वतंत्र अनिवार्य विभाग नाही. एम.एस्सी., पीएच.डी. झालेल्या अवैद्यकीय शिक्षकांना १९९८ च्या नियमांनुसार शरीररचना, शरीरक्रिया आदी विभागांत ३० टक्के, तर जीवरसायनशास्त्रात ५० टक्के पदांपर्यंत वाव होता. २०२० मध्ये तो कमी करण्यात आला. २०२५ च्या नियमांनी सूक्ष्मजीवशास्त्र व औषधशास्त्र या विभागांचे दार त्यांना पुन्हा उघडले.

निवड करताना :

पद भरले म्हणजे अभ्यास सुरू झाला, असे होत नाही. उदाहरणार्थ, कॉर्टिसॉल पहाटेपासून चढते, जाग आल्यावर उच्चांक गाठते आणि मध्यरात्रीच्या सुमारास नीचांकावर येते. रात्री दोनला गाडी भरणाऱ्या कामगाराचा सकाळी आठचा एकच नमुना घेतल्यास निष्कर्ष चुकण्याचा संभव आहे. त्याच्या झोपेची नोंद ठेवून दिवसभरात लाळेचे अनेक नमुने घ्यावे लागतील. म्हणून पुढील बाबी विचारात घ्याव्यात, असे वाटते :

१) उमेदवाराने प्राण्यांवरील प्रयोगांबरोबर माणसांवरील मोजमापाचेही काम केलेले असावे.
२) नियुक्ती शरीरक्रियाशास्त्र विभागात असली, तरी मनोविकारशास्त्र व जनवैद्यकशास्त्र या विभागांशी संयुक्त कामाची लेखी तरतूद असावी.
३) प्रयोगशाळेची जागा, उपकरणे, नमुने साठविण्याची शीतव्यवस्था आणि संशोधनाचे राखीव तास नियुक्तीपूर्वीच ठरवावेत.
४) एकट्या व्यक्तीऐवजी दोघा-तिघांची एकत्रित निवड करावी, अन्यथा एका बदलीने काम थांबते.
५) परिसरातील कला व विज्ञान महाविद्यालयांतील मानसशास्त्र, प्राणिशास्त्र व संख्याशास्त्राच्या अध्यापकांना या कामात सहभागी करून घ्यावे.

निष्कर्ष :

ताणाच्या अभ्यासासाठी विद्वान प्राध्यापक मिळणे आवश्यक आहे, परंतु तेवढेच पुरेसे नाही. प्रयोगशाळा, रुग्णालय आणि गाव यांना जोडणारे पद निर्माण झाले, तरच तो प्राध्यापक टिकेल आणि कोपीत राहणाऱ्या कामगाराच्या डोकेदुखीमागील कारणाचा शोध घेता येईल. बारामतीसारख्या ठिकाणी रुग्णालय व गाव दोन्ही जवळ आहेत. त्यांना जोडण्याचा विचार पदाची जाहिरात लिहितानाच व्हावयास हवा.