टक्के, पण कशाचे?

दहावीची परीक्षा आटोपली की दरवर्षी असंख्य विद्यार्थी गणिताच्या पुस्तकाला कायमचा रामराम ठोकतात. अकरावीला कला शाखेत प्रवेश घेतल्यावर गणित न घेण्याची मुभा असते आणि बहुतेकजण ती मोठ्या आनंदाने उपभोगतात. पुढे पाच वर्षांनी ते पदवीधर होतात. इतिहास, राज्यशास्त्र, मराठी वाङ्मय यांत उत्तम गुणही मिळवतात. एवढ्या काळात जनगणना, अर्थसंकल्प, महागाईचा निर्देशांक, निवडणुकीतील मतांची टक्केवारी असे आकडे त्यांच्या पाठ्यपुस्तकांतून सतत येत राहतात. पण ते कसे वाचावेत हे त्यांना कोणी शिकवीत नाही.

इंग्लंडमध्ये १९५९ साली क्राउदर समितीने पंधरा ते अठरा वर्षांच्या मुलांच्या शिक्षणाचा विचार करताना साक्षरतेच्या जोडीला ‘न्यूमरसी’ हा नवा शब्द योजला. आपण त्याला अंकसाक्षरता म्हणू. आपल्याकडे २०२१ साली सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानाने तिसरीपर्यंतच्या मुलांना वाचन आणि संख्याज्ञान यावे असे उद्दिष्ट ठेवले. ते योग्यच आहे. परंतु तिसरीतल्या मुलाची एवढी काळजी वाहणाऱ्या व्यवस्थेत तृतीय वर्ष कला या वर्गातील विद्यार्थ्याच्या संख्याज्ञानाची विचारपूस कोणीही करीत नाही.

एक साधे उदाहरण घ्या. १९८१ ते १९९१ या दशकात देशातील साक्षरतेचे प्रमाण शेकडा ४३.५७ वरून ५२.२१ वर गेले. हा आकडा परीक्षेत लिहिला की गुण मिळतात. पण त्याच दशकात निरक्षरांची संख्याही सुमारे दोन कोटींनी वाढली. दोन्ही विधाने खरी आहेत. लोकसंख्या वाढत असताना प्रमाण सुधारते आणि तरीही मागे राहणाऱ्यांची संख्या फुगते, हे समजण्यास उच्च गणित लागत नाही. टक्के कशाचे, हे विचारण्याची सवय लागते. शासनाचा प्रवक्ता पहिला आकडा सांगेल, विरोधक दुसरा सांगेल, आणि ज्याला ही सवय नाही तो आपल्या पक्षाच्या आकड्यावर विश्वास ठेवून मोकळा होईल.

ही सवय लावण्याचे काम गणित विभागाकडे सोपवावे, अशी सूचना कोणीतरी हमखास करतो. आमच्या मते नेमके तेच करू नये. ‘अंकसाक्षरता’ नावाची स्वतंत्र प्रश्नपत्रिका निघाली की तिचे गाइड निघेल, सूत्रे पाठ होतील आणि परीक्षेनंतर आठवड्याभरात ती विस्मरणात जातील. आकडा ज्या विषयात येतो त्याच विषयाच्या तासाला, त्याच शिक्षकाने तो उलगडला पाहिजे.

इतिहासाच्या प्राध्यापकांना हे परके वाटण्याचे कारण नाही. दादाभाई नौरोजींचा ‘संपत्तीचे अपहरण’ हा सिद्धान्त प्रत्येक वर्गात शिकवला जातो. पण दादाभाई हे एल्फिन्स्टन महाविद्यालयात गणित शिकवणारे प्राध्यापक होते, ही गोष्ट चरित्राच्या पहिल्या परिच्छेदात येऊन तिथेच संपते. वास्तविक १८७६ साली मुंबईत वाचलेल्या त्यांच्या निबंधाचे सारे बळ गणितात आहे. प्रांताप्रांतातील लागवडीखालील क्षेत्र, दर एकरी उत्पन्न आणि बाजारभाव यांवरून त्यांनी ब्रिटिश हिंदुस्थानातील माणशी वार्षिक उत्पन्न वीस रुपयांच्या आसपास काढले आणि तुरुंगातील कैद्याच्या अन्नवस्त्राच्या खर्चाशी त्याची तुलना केली. सामान्य रयतेपेक्षा कैदी बरा, हा निष्कर्ष सरकारला झोंबणारा होता.

त्या निबंधात त्यांनी सरकारी अहवालांतील सरासरीवरही बोट ठेवले. मध्य प्रांतात जिल्ह्याजिल्ह्यांचे भाव नुसते मिळवून जिल्ह्यांच्या संख्येने भागले जात. कोठे किती पिकते याचा विचारच नसे. समजा, एका जिल्ह्यात नऊ लाख मण भात एक रुपया भावाने आणि दुसऱ्यात एक लाख मण पाच रुपयांनी विकला गेला. सरकारी रीतीने सरासरी भाव तीन रुपये. खरा भाव एक रुपया चाळीस पैसे. (त्या काळचे आणे-पै वाचकांनी मनात करावेत.) या एका हिशेबाने उत्पन्नाचे मूल्य दुपटीहून अधिक फुगते. वसाहतवादाच्या इतिहासात याहून बोलका धडा शोधून सापडणार नाही, आणि त्यासाठी वर्गात दहा मिनिटे पुरतात.

राज्यशास्त्रात दारिद्र्यरेषेचेही तसेच आहे. ती रेषा कोणीतरी आखलेली असते. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ साली २,२५० उष्मांकांच्या आहाराचा हिशेब धरून, १९६०-६१ च्या भावाने ग्रामीण भागात माणशी दरमहा पंधरा रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये अशी मर्यादा मानली. ती थोडी वर सरकवली तर गरिबांची संख्या किती बदलते, हे विद्यार्थ्याने विचारायला हवे.

आणि विषय केवळ परीक्षेपुरता नाही. आजचा विद्यार्थी उद्या शिक्षक किंवा कारकून होतो, कर्ज काढतो, सहकाऱ्याला जामीन राहतो. एक लाख रुपये पाच वर्षांसाठी ‘बारा टक्के फ्लॅट’ दराने घेतले, तर साठ हजार व्याज धरून दरमहा सुमारे २,६६७ रुपयांचे साठ हप्ते पडतात. मुद्दल प्रत्येक हप्त्याने घटत असते, व्याज मात्र अखेरपर्यंत मूळ लाखावरच लागते. शिल्लक रकमेवर हिशेब केला, तर हाच दर वीस टक्क्यांच्या वर जातो. इंग्रजीतला करार वाचता येणारा पदवीधरही त्याखाली निमूटपणे सही करतो.

अडचणी आहेत, हे नाकारण्यात अर्थ नाही. अनेक प्राध्यापकांनी स्वतःच दहावीनंतर गणिताचे तोंड पाहिलेले नाही. वर्गात चुकलो तर, ही धास्ती त्यांना असते. गणित विभागाची गरज आहे ती इथे: सहकाऱ्यांच्या शेजारी बसून त्यांचे तक्ते तपासून देण्यासाठी. सत्रपद्धतीत वेळ मिळत नाही, हीही तक्रार खरी आहे. पण ‘टिपा लिहा’ हा प्रश्न वर्षानुवर्षे त्याच वेळात बसतो आहे, आणि जे परीक्षेत विचारले जात नाही ते वर्गात शिकवले जात नाही, हे सर्वांनाच ठाऊक आहे. म्हणून आरंभ प्रश्नपत्रिकेपासून व्हावा. विद्यापीठांच्या अभ्यासमंडळांची वाट पाहण्याचीही गरज नाही. स्वायत्त महाविद्यालये आपल्या प्रश्नपत्रिका स्वतः काढतात. इतरांच्या हाती अंतर्गत मूल्यमापनाचे गुण आहेत. येत्या सत्रात इतिहासाच्या एका चाचणीत चार ओळींचा एक तक्ता छापावा, गणकयंत्र वापरण्यास परवानगी द्यावी आणि उत्तराला पाच गुण ठेवावेत.