विमानाचा एक तास आणि दारापासूनचा हिशेब

ऑक्टोबर २०२५ मध्ये सोलापुराहून मुंबईस विमान जाऊ लागले, तेव्हापासून “मुंबई आता एका तासावर आली” हे वाक्य आपल्या जिल्ह्यात वारंवार कानी पडते. हे वाक्य खोटे नव्हे. परंतु त्यावर विसंबून ज्यास प्रवास ठरवावयाचा आहे, त्याने पुढील हिशेब पाहावा, अशी आमची विनंती आहे.

प्रथम अंतर पाहू. सोलापूर ते मुंबई हे आगगाडीचे अंतर ४५५ किलोमीटर आहे. १८६३ साली खुला झालेला बोरघाटाचा लोहमार्ग वळणे घेत सह्याद्री उतरतो. विमानास घाट नाही. नकाशावर सरळ रेषा ओढली असता हेच अंतर सुमारे ३५५ किलोमीटर भरते. म्हणजे शंभर किलोमीटर येथेच वाचतात.

आता वेळ. ताशी सातशे किलोमीटर वेगाने हे अंतर अर्ध्या तासात संपावयास हवे. मग वेळापत्रकात तासाहून अधिक वेळ का? कारण असे की, विमान जागेवरून हलल्यापासून मुक्कामी उभे राहीपर्यंतचा सर्व काळ त्यात धरलेला असतो. जमिनीवरील धाव, वर चढणे, खाली उतरणे आणि मुंबईच्या गर्दीत उतरण्याची पाळी येईपर्यंत थांबणे, हे सर्व त्यात आले.

शेतकऱ्याचा प्रवास मात्र विमानतळावर सुरू होत नाही. तो वाड्याच्या उंबरठ्यावर सुरू होतो. खेड्यातून धाराशिवास येण्यास अर्धा तास, तेथून सोलापूरच्या विमानतळापर्यंत दीड तास, विमान सुटण्यापूर्वी तपासणीसाठी दीड तास, प्रत्यक्ष विमानात सव्वा तास, आणि मुंबईत सामान घेऊन शहरात पोहोचण्यास आणखी सव्वा तास. बेरीज सहा तास होते. विमान नेमके कोणत्या दिवशी व कोणत्या वेळी आहे, याची वाट पाहण्यात जाणारा काळ वेगळाच.

तुळजापूर तालुक्यातील आमच्या एका स्नेह्यांची द्राक्षबाग आहे. त्यांची बहीण मुंबईत अत्यवस्थ असल्याचा निरोप सायंकाळी आला. लातूरकडून येणारी रात्रीची गाडी धाराशिवास मिळत होती. ती सकाळी मुंबईस पोहोचली असती. परंतु “गाडीत रात्रभर कशाला? विमानाने तासात जाऊ,” असे म्हणून त्यांनी दुसऱ्या दिवसाचे तिकीट काढले. ते पोहोचले तेव्हा दिवस मावळला होता. सकाळी बहीण शुद्धीवर होती व भावाची वाट पाहत होती. सायंकाळी ती शुद्धीवर नव्हती. पुढे बोलणे झाले नाही ते नाहीच. “एका तासाने मला फसविले,” असे ते आजही म्हणतात. वस्तुतः फसविले ते अर्धवट हिशेबाने.

यावरून विमान वाईट, असा अर्थ कोणी काढू नये. पूर्वी बार्शी लाइट रेल्वेचा अरुंद रूळ धाराशिव शहरास शिवतही नसे. येडशीस जाऊन गाडी धरावी लागे व कुर्डुवाडीस बदलावी लागे. २००८ पर्यंत रुंद मार्ग पुरा होऊन गाडी शहरात आली, हे मोठेच सुख झाले. विमान हे त्यापुढील सुख होय. दिवसाचे काम असेल, विमानाची वेळ सोयीची असेल व खर्च पेलत असेल, तर त्याने अवश्य जावे.

मात्र जमिनीची मोजणी आपण बांधापासून बांधापर्यंत करतो. मधलाच तुकडा मोजून सातबारा लिहीत नाही. प्रवासही तसाच दारापासून दारापर्यंत मोजावा, आणि निकड असेल तेव्हा जे वाहन आधी सुटते व आधी पोहोचविते, तेच धरावे.