जकाल्लाच्या धक्क्यावर

जकाल्ला बंदरात उतरलेल्या परक्या माणसाने परदेश्यांच्या वस्तीतच राहायचं असतं. तिथून बाहेर पडून एखाद्या सरदाराला भलत्याच सर्वनामाने हाक मारली, तर सुळावर चढायची पाळी येऊ शकते. १९७५ साली अमेरिकेत निघालेला ‘एम्पायर ऑफ द पेटल थ्रोन’ हा खेळ असा सुरू होतो.

टेबलाभोवती चार-पाच जण बसतात. एक जण गोष्ट चालवतो, बाकीचे एकेक पात्र होऊन बोलतात आणि अवघड प्रसंगी फासे निकाल देतात. आदल्याच वर्षी आलेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ने ही तऱ्हा रूढ केली होती. त्यात एल्फांची भाषा होती, बुटक्यांची होती, पण नावापुरती. आपल्या पात्राला ती येते, एवढं कागदावर लिहिलं की झालं. जकाल्लात बोलली जाणारी त्सोल्यानी मात्र खरोखर शिकता येते. तिला लिपी आहे, व्याकरण आहे, शब्दसंग्रह आहे.

ती घडवली एम. ए. आर. बार्कर यांनी. मिनेसोटा विद्यापीठात ते उर्दू आणि दक्षिण आशियाचा अभ्यास शिकवत. त्याआधी, पन्नासच्या दशकात, ते ऑरेगनमधल्या क्लॅमथ लोकांत जाऊन बसले, म्हाताऱ्यांच्या तोंडून कथा उतरवून घेतल्या आणि त्या भाषेचं व्याकरण नि कोश तयार केला. क्लॅमथ अस्खलित बोलणारी शेवटची बाई २००३ मध्ये गेली. बार्कर यांनी बलुची शिकवणारं पुस्तकही लिहिलं. त्सोल्यानीत उर्दू आणि पश्तोची छाया आहे, माया भाषांची आहे, आणि ‘त्ल’सारखा जोडध्वनी मेक्सिकोच्या नाहुआत्लमधून आला आहे. भाषेच्या नावातला पहिला ध्वनी इंग्रजी माणसाला शब्दारंभी जड जातो. आपल्याला तो ‘चमचा’तल्या ‘च’मुळे घरचाच वाटतो.

मला सगळ्यात मोलाची वाटते ती तिच्यातली ‘तू’ची रूपं. समोरचा कोणत्या घराण्याचा, किती मानाचा, त्याच्याशी आपलं नातं काय, यावर कितीतरी सर्वनामांतून एक निवडावं लागतं. आज इंग्रजीत राजालाही ‘यू’ आणि पोऱ्यालाही ‘यू’. आपल्याकडे कित्येक घरांत आईला ‘अगं’ आणि वडिलांना ‘अहो’ म्हणतात. त्या दोन हाकांत घराची सगळी रचना ऐकू येते. नवी सून सासरी पहिल्यांदा तोंड उघडते तेव्हा क्षणभर अडखळते, तशीच खेळणाऱ्याची जीभ जकाल्लात अडखळते. राक्षसाशी लढायच्या आधी त्याला वाक्य जुळवावं लागतं. टोपलीभर विचित्र शब्द कुणीही रचेल. बोलणाऱ्याला स्वतःची पायरी सांगायला लावणारी भाषा रचायला माणसांत बसून ऐकावं लागतं.

म्हणूनच पुढची गोष्ट मला फार लागते. १९९१ मध्ये ‘सर्पेंट्स वॉक’ ही नाझी विचारांची कादंबरी टोपणनावाने निघाली. ती बार्कर यांचीच होती, हे त्यांचा वारसा सांभाळणाऱ्या टेकुमेल फाउंडेशनने २०२२ मध्ये जाहीर केलं. तेव्हा त्यांना जाऊन दहा वर्षं झाली होती. इतक्या लोकांची बोली कान देऊन ऐकणाऱ्या माणसाने असं लिहावं, याचा मेळ मला लागत नाही आणि मी तो लावूनही देणार नाही. त्सोल्यानीची ओळख करून देताना हे सांगितलंच पाहिजे.

त्यांनी उतरवलेल्या क्लॅमथ कथा १९६३ मध्ये छापून आल्या. धक्क्यावरच्या परक्याने चाचपडत एखादं सर्वनाम उच्चारावं आणि टेबलाभोवतीच्यांनी श्वास रोखावा, हा क्षण खेळात येण्याआधी त्यांनी त्या म्हाताऱ्यांपाशी बसून एकेक ध्वनी टिपला होता.