छातीत स्टेंट बसला, पुढे काय?

आमच्या वस्तीतील एक हमाल बांधव अँजिओप्लास्टी करून घरी आले. विचारपूस करायला आम्ही गेलो, डिस्चार्ज कार्ड पाहिले. त्यावर पाच गोळ्यांची नावे आणि शेवटी एकच शब्द: विश्रांती. किती दिवस? चालायचे कधी? ओझे उचलायचे की नाही? कार्ड गप्प होते. बांधव भीतीपोटी तीन महिने खाटेवर बसून राहिले. रोजगार गेला. विडी मात्र सुटली नाही, कारण ती सोडायला कुणी मदतच केली नाही.

हा दोष रुग्णाच्या अडाणीपणाचा आहे काय? मुळीच नाही. झटका, अँजिओप्लास्टी किंवा बायपासनंतर रुग्णाला हृदय पुनर्वसनासाठी पाठवा, अशी सर्वात वरच्या दर्जाची शिफारस अमेरिका व युरोपातील हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी केलेली आहे. पुनर्वसन म्हणजे देखरेखीखाली हळूहळू वाढवलेला व्यायाम, आहार, तंबाखूमुक्ती, रक्तदाब आणि साखरेवर लक्ष, गोळ्यांची शिस्त आणि मनातली भीती घालवणे. त्यामुळे हृदयविकाराने होणारे मृत्यू आणि पुन्हा दवाखान्यात भरती होणे कमी होते, हे अनेक चाचण्यांनी दाखवले आहे. तरीही अमेरिकेत पात्र रुग्णांपैकी थोडेच तिथवर पोहोचतात आणि कृष्णवर्णीयांना व स्त्रियांना ही चिठ्ठी कमी वेळा मिळते. जातीचे चटके सोसलेल्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

यावर उपाय काय? डॉक्टरांना उपदेश करणे हा नव्हे. कॅनडातील ओंटारिओ प्रांतातील 11 रुग्णालयांत अडीच हजारांहून अधिक रुग्णांचा अभ्यास झाला. तो 2011 साली प्रसिद्ध झाला. चिठ्ठी डॉक्टरांच्या मर्जीवर सोडली तिथे शंभरातले सुमारे 32 रुग्ण पुनर्वसनाकडे पाठवले गेले. जिथे चिठ्ठी आपोआप निघे आणि शिवाय कुणीतरी खाटेजवळ येऊन रुग्णाशी बोले, तिथे हेच प्रमाण 85 च्या वर गेले. डॉक्टर तसेच, रुग्ण तसेच; फक्त पद्धत बदलली. आम्हाला हे नवे नाही. वरच्यांच्या सद्बुद्धीवर विसंबू नका, हक्क कागदावर आणा आणि अंमलबजावणीची यंत्रणा उभी करा, हाच तर बाबासाहेबांचा मार्ग आहे.

त्यासाठी महागडी यंत्रेच लागतात, असेही नाही. भारतातील 24 रुग्णालयांत सुमारे चार हजार रुग्णांवर योगावर आधारित पुनर्वसनाची चाचणी झाली: 12 आठवडे, 13 सत्रे. तिचे निष्कर्ष 2020 साली आले. मृत्यू किंवा पुन्हा झटका येणे यात ठाम फरक सिद्ध झाला नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण रुग्णांना बरे वाटले आणि ते आपल्या पूर्वीच्या दैनंदिन कामांकडे अधिक प्रमाणात परतले. हातावर पोट असणाऱ्याला कामावर परतणे म्हणजेच जगणे!

2017 साली केंद्राने स्टेंटच्या किमतीवर मर्यादा घातली. महात्मा जोतीराव फुल्यांच्या नावाच्या योजनेतून आमच्या माणसांच्या अँजिओप्लास्टी होतात, हे चांगलेच आहे. पण नळी उघडली आणि माणूस खाटेवरच राहिला, तर फुल्यांचे नाव कशाला? म्हणून आमची मागणी आहे: डिस्चार्ज कार्डावर पुनर्वसनाचा छापील रकाना असावा आणि तो भरल्याशिवाय रुग्णाला घरी सोडू नये. सिस्टर किंवा फिजिओथेरपिस्टने रुग्णाला त्याच्या भाषेत समजावून सांगावे. प्रत्येक लाभार्थ्याला ही सत्रे मोफत मिळावीत. स्त्रिया, दलित, आदिवासी यांच्यापैकी किती जणांना चिठ्ठी मिळाली, याची नोंद जाहीर व्हावी.

आणि आपणही हात बांधून बसू नये. वस्तीवस्तीत बुद्धविहारे आहेत. सायंकाळी वंदनेनंतर फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्याने तेथे अशा रुग्णांना एकत्र चालवता येईल, तंबाखू सोडणाऱ्याला सोबत देता येईल. आजारी पडलेल्या, कुणी विचारत नसलेल्या भिक्खूला तथागतांनी स्वतःच्या हाताने धुतले होते आणि आजाऱ्याची सेवा हीच माझी सेवा, असे संघाला बजावले होते. ज्यांच्याकडे हा वारसा आहे, त्यांनी आपला माणूस 'विश्रांती' या एका शब्दावर सोडून द्यायचा काय?

जयभीम!