हात हलतो, मग लक्ष का लागत नाही?

लकवा झालेल्या अब्बांचा हात हलू लागला की घरच्यांच्या जिवात जीव येतो. पण तेच अब्बा ताटात डावीकडे वाढलेली भाजी तशीच ठेवतात, सांगितलेलं विसरतात. आपण म्हणतो, हट्टी झालेत! तो हट्ट नसतो.

मेंदूचा उजवा आणि डावा भाग सतत एकमेकांशी ताळमेळ ठेवून असतात, अगदी आपण शांत पडून असलो तरी. खास एमआरआय तपासणीत हा ताळमेळ दिसतो. रक्तपुरवठा बंद होऊन मेंदूतली एक जागा मेली की दूरच्या, धडधाकट भागांचाही मेळ बिघडतो. पूल वाहून गेला की पलीकडचा बाजार शाबूत असूनही ओस पडतो, तसंच हे.

अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातील संशोधकांना २०१६ साली असं आढळलं, की हातापायाची कमजोरी इजा कुठे झाली यावरून जास्त नीट कळते. स्मरणशक्तीची कमजोरी मात्र या तुटलेल्या मेळावरून. डावीकडचं भान परत येतं तसा हा मेळही पुन्हा जुळताना दिसला आहे.

म्हणून डॉक्टरांना फक्त हातापायाचं सांगून थांबू नका. ताटाचं आणि विसरण्याचंही सांगा, त्यावरही व्यायाम असतात.