तुमचा स्पीड किती?

पेपर परवा सकाळी अकराला. प्लेलिस्टमध्ये लेक्चर्स २२, प्रत्येक साधारण ५० मिनिटांचं. म्हणजे अठरा तास आणि वर वीस मिनिटं. एवढा वेळ कुणाकडे आहे? मग तुम्ही स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या त्या चाकावर बोट ठेवता, स्पीड टू एक्स करता आणि अठराचे नऊ होतात. सर एकदम लिलाव पुकारल्यासारखे बोलायला लागतात, फळ्यावरचा खडू पळत सुटतो आणि तुम्ही खूश.

तेवढ्यात आई खोलीत डोकावते. "एवढ्या भराभर काय कळतं रे तुला?"

आता आईला सांगायला तुमच्याकडे चक्क पुरावा आहे. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात, म्हणजे यूसीएलएमध्ये, डिलन मर्फी, अॅलन कॅस्टेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना रेकॉर्डेड लेक्चर्स दाखवली. एक रोमन साम्राज्यावर, दुसरं मालमत्तेची किंमत कशी ठरवतात यावर. कुणाला नेहमीच्या वेगानं, कुणाला दीडपट, दुप्पट, तर कुणाला अडीचपट. लगेच परीक्षा घेतली, आठवड्यानं पुन्हा घेतली. दुपटीपर्यंत मार्कांत फारसा फरक पडला नाही. अडीचपटीला मात्र गाडी घसरली.

त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट जास्त कामाची आहे. लेक्चर टू एक्सवर लागोपाठ दोनदा पाहिलं तर विशेष फायदा झाला नाही. पण एकदा पाहून, आठवडा मध्ये जाऊ देऊन, परीक्षेच्या अगदी आधी पुन्हा टू एक्सवर पाहिलं, तर एकदाच सावकाश पाहणाऱ्यांपेक्षा मार्क जास्त आले. फक्त त्यासाठी पहिल्यांदा आठवडाभर आधी पाहावं लागतं. आपलं गाडं नेमकं तिथेच अडतं, ही बाब वेगळी!

आणि हेही लक्षात घ्या, की त्या दोन विषयांत इंटिग्रेशन नव्हतं. रोमचा इतिहास गोष्टीसारखा वाहत जातो. डेरिव्हेशनमध्ये तिसरी ओळ निसटली की चौथीपासून पुढचं सगळं नुसतं बघणं होतं, शिकणं नाही.

मुळात हे जमतं कसं? जुन्या टेपरेकॉर्डरवर कॅसेट जोरात फिरवली की माणसाचा आवाज चिरका व्हायचा, कार्टूनसारखा. आता तसं होत नाही. सॉफ्टवेअर आवाजाचे सेकंदाच्या काही शतांश भागाएवढे बारीक तुकडे करतं, थोडे गाळतं आणि उरलेले एकमेकांवर किंचित चढवून जोडतं. त्यामुळे वेग वाढतो, पण आवाजाची पट्टी तीच राहते. ही युक्ती यूट्यूबच्या फार आधीची आहे. १९५४ साली अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात ग्रँट फेअरबँक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फिरत्या हेडच्या टेपयंत्रावर हेच करून दाखवलं होतं. पुढे लुईव्हिल विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ एमर्सन फूल्क यांनी अंध वाचकांसाठी वेगवान ध्वनिमुद्रणांवर वर्षानुवर्षं काम केलं. ते स्वतः अंध होते. तुमच्या वर्गात दृष्टिहीन मित्र किंवा मैत्रीण असेल तर त्यांच्या मोबाइलमधला टॉकबॅक एकदा ऐका. तुम्हाला नुसती चिवचिव ऐकू येईल, त्यांचं तोवर अख्खं नोटिफिकेशन वाचून झालेलं असेल. सवय कानाला कुठवर नेऊ शकते ते तिथे कळतं. टू एक्सचा टेंभा मिरवणाऱ्यांनी तर जरूर ऐकावं.

टेंभा मिरवतातच हो. हॉस्टेलवर हा आता स्टेटसचा विषय झालाय. "तू किती वर बघतो?" "मी तर वन पॉइंट सेव्हन फाइव्हच्या खाली बघूच शकत नाही." जणू काही तेवढं डोकं जास्त चालतं. हिशेब मात्र कुणी करत नाही. एका तासाचं लेक्चर सव्वापट केलं की १२ मिनिटं वाचतात. दुप्पट केलं की ३०. पण दुपटीवरून अडीचपटीला गेलात तर जास्तीची फक्त सहा मिनिटं हाती लागतात, आणि मार्क पडायला लागतात ते नेमके तिथेच. सहा मिनिटांत तर मेसमध्ये ताटसुद्धा हातात पडत नाही.

या चढाओढीत गप्प बसलेला एक मुलगा प्रत्येक मजल्यावर असतो. बारावीपर्यंत मराठी माध्यम, आता सगळं इंग्रजीत. तो एनपीटीईएलवरचं आयआयटीच्या सरांचं लेक्चर पॉइंट सेव्हन फाइव्हवर लावतो आणि कुणी मागून आलं की पटकन स्क्रीन खाली करतो. मी पहिल्या वर्षी तोच होतो, म्हणून सांगतो. माझ्या डोक्यात एका वेळी दोन कामं चालायची, वाक्य समजून घेणं आणि त्यातला विषय समजून घेणं. तोवर सर पुढे गेलेले असायचे. भाषा अंगवळणी पडली तसा स्पीड आपोआप वर गेला. तो हुशारीचा आकडा कधीच नव्हता. तुम्ही पॉइंट सेव्हन फाइव्हवाले असाल तर स्क्रीन खाली करू नका. ते बटण कंपनीनं उगाच दिलेलं नाही.

लेक्चरपुरतं हे सगळं ठीक. पण बोटाला सवय लागली की ते थांबत नाही. पॉडकास्ट टू एक्स, सिरीज दीडपट, रीलसुद्धा बोट दाबून पळवायची. नेटफ्लिक्सनं २०१९ मध्ये स्पीडचं बटण चाचणीला आणलं तेव्हा जड अॅपॅटोसारखे दिग्दर्शक चिडले होते. पुढच्या वर्षी बटण आलंच. तेव्हा मला त्यांचा राग जरा जास्तीचा वाटला होता. मग एकदा पु. ल. देशपांड्यांचं कथाकथन टू एक्सवर लावून बघितलं. शब्द सगळे कळले, हसू येईना. विनोदाआधी पु. ल. जे थांबतात, ते थांबणंच अर्धं होऊन गेलं होतं.

व्हॉट्सअॅपवर व्हॉइस मेसेज पळवायची सोय २०२१ मध्ये आली. मला ती भारी आवडली, कारण माझा एक मित्र फार रेंगाळत बोलतो. बीड जिल्ह्यातला, हॉस्टेलवर माझा रूममेट. सुट्टीत गावी गेला आणि तिथून त्याचा चार मिनिटांचा मेसेज आला. मी वडापाव खात टू एक्सवर ऐकला. पाऊस, सोयाबीन, बहिणीचं लग्न, मग "यंदा बहुतेक जमणार नाही यायला, फीचं वगैरे... बघू." मी अंगठा पाठवला.

मी एकही शब्द चुकवला नव्हता, हे मुद्दाम सांगतो. तुम्ही परीक्षा घेतली असती तर मला पैकीच्या पैकी मिळाले असते.

दोन दिवसांनी त्याला मागितलेल्या नोट्सचं तो काय म्हणाला होता ते आठवेना, म्हणून मेसेज पुन्हा लावला. इअरफोन घातले होते, स्पीड वन एक्सवर होता. "फीचं वगैरे" आणि "बघू" यांच्यामध्ये नऊ सेकंद होती. मागे कुठेतरी पंप चालू होता. तो श्वास घेतो, काहीतरी बोलायला जातो, थांबतो, पुन्हा श्वास घेतो. टू एक्सवर त्या नऊची साडेचार झाली होती आणि तेवढ्यात मी वडापावचा पुढचा घास घेतला असणार. घाईत त्याचं "बघू" मला चक्क मजेत म्हटल्यासारखं वाटलं होतं.

फोन लावला. तासभर चालला, त्यात तो बोलला कमी. सोयाबीन पाण्यात गेलं होतं. शिष्यवृत्तीचा फॉर्म त्यानं भरलाच नव्हता, कारण जायचंच नाही तर भरून काय करायचं, असं त्याचं म्हणणं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी इथे कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये महाडीबीटीचं पान उघडून बसलो, तो तिकडून फोनवर. ओटीपी त्याच्या बाबांच्या मोबाइलवर यायचा होता. साइट दोनदा बंद पडली. तिसऱ्यांदा ओटीपी आला आणि त्याचे बाबा चष्मा शोधून, एकेक आकडा सावकाश, दोनदा म्हणून सांगायला लागले.